पाच सेंटिमीटरचा पाय, सात सेंटिमीटरचा संकल्प

कुर्गान, ६ मार्च १९८४

ग्लाफिराताई,

आधी बसून घे. गोठ्यातलं आवरलं असेल तर चुलीजवळ बस आणि मगच पुढे वाच.

नव्या वर्षाच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या ट्रक-आगाराने मला शिकायला पाठवायचं ठरवलंय. ते खोटं होतं. मी शिकायला जाईन, तेही स्वखुशीने, हे तुला खरं वाटलं याचंच मला नवल. शाळेत मला वरच्या वर्गात ढकलायचे ते माझ्यापासून खालचा वर्ग सुटावा म्हणून.

खरं काय ते ऐक. गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यावर ट्रकमधले लोखंडी पाइप उतरवत होतो. साखळी तुटली आणि एक पाइप थेट माझ्या डाव्या मांडीवर आला. तिथल्या दवाखान्यात हाड जोडलं, पण टोकं एकमेकांवर चढूनच जुळली. प्लास्टर निघालं तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा पाच सेंटिमीटर आखूड. बुटात लाकडाची चकती घालून फिरलो. चालता येत होतं, पण क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो, ताई, आणि आमच्या ट्रकचा क्लच तुमच्या वळूसारखा आहे. अर्धवट जोर लावला तर तोच तुम्हाला ढकलतो. मला गाडीवरून काढलं आणि वसतिगृहाच्या दारात बसवलं. काम काय, तर येणाऱ्याला सांगायचं, 'बूट झटकून आत या.' चोविसाव्या वर्षी!

म्हणून इथे आलोय. इथे हाड वाढवतात. हसू नकोस. मांडीचं हाड मुद्दाम कापतात, आरपार तारा घालतात आणि त्या तारा बाहेरच्या लोखंडी कड्यांना ताणून बांधतात. घराला रंग देताना मचाण बांधतात ना, तसं मचाण आहे माझ्या मांडीभोवती. मग नट फिरवून कडी एकमेकींपासून दूर सारायची, दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत. मधे जी फट पडते तिथे नवं हाड धरतं. लांबी भरली की ते टणक होईपर्यंत कित्येक महिने लोखंडातच बसायचं. पाय सारखे झाले तर आगाराचं वैद्यकीय मंडळ मला पुन्हा ट्रक देईल. नाही झाले तर दार आणि बूट.

नट आपले आपणच फिरवायचे. आमच्या डॉक्टरीणबाई, नेल्ली झाखारोव्ना, माझ्या हातात पाना देत म्हणाल्या, "ओबुखोव, पाना फिरवायला तुला शिकवायला नको. थांबायला शिकवावं लागेल."

शेजारच्या खाटेवर उझबेकिस्तानातल्या फरगान्याचे नुरालीकाका आहेत. त्यांच्या अंगावर घोडा पडला होता. लोखंड काढायची त्यांना मुळीच घाई नाही. घरी तीन सुना आहेत.

तुझा,
तिमोफेय


झारेच्ये, १५ मार्च १९८४

तिमोशा,

बसले नाही. उभ्यानेच वाचलं आणि हातातली बादली सांडली.

वर्षभर तू लंगडत होतास आणि मला लिहीत होतास, 'तब्येत उत्तम, हवा कोरडी.' आई असती तर तिने ओल्या फडक्याने बडवला असता तुला. ती नाही, म्हणून मी शाईने बडवते.

हाड वाढवतात हे गावात कुणाला पटत नाही. शेजारची स्तेपानिदा म्हणाली, "मग दोन्ही वाढवून घे म्हणावं, एवीतेवी ठेंगणाच आहे." दुकानातल्या रांगेत एकीने विचारलं, नाक कमी करतात का तिथे. मी म्हटलं, जीभ कमी करत असतील तर तुझं नाव आधी देते.

खारवलेल्या अळंब्यांची बरणी पाठवतेय. डॉक्टरीणबाईंसाठी आहे. तू झाकण उघडू नकोस.

आणि एक ध्यानात ठेव. लहानपणी तू बटाटे लावायचास आणि रुजले का ते बघायला दर दोन दिवसांनी उकरायचास. त्या वर्षी आपण शेजाऱ्यांचे बटाटे खाल्ले. मांडीत उकरू नकोस.

ग्लाफिरा


आगार कामगार संघटना, २७ मार्च १९८४

मान्यवर कॉम्रेड तिमोफेय येगोरोविच,

संघटनेच्या वतीने आपणास व आपल्या डाव्या पायास हार्दिक अभिवादन!

गेल्या तिमाहीत मालवाहतूक, इंधनबचत व भित्तिपत्रक या तिन्ही आघाड्यांवर आपल्या आगारास काही तात्पुरत्या अडचणी आल्या, हे आपण जाणता. अशा वेळी वसतिगृहातील आपल्या गादीची चौकशी करणारे आपले पत्र आले व त्यात दररोज एक मिलिमीटर वाढीचे वृत्त आढळले. सभेत ते वाचून दाखवताच टाळ्यांचा कडकडाट झाला. आगारात सध्या नियमितपणे वाढणारी ही एकमेव बाब आहे.

सभेने आपल्या अनुपस्थितीत, आपल्या वतीने, एकमताने संकल्प केला आहे : पाच सेंटिमीटरऐवजी सात सेंटिमीटर, आणि तेही एक मेपूर्वी! मग दुसऱ्या पायाचे काय, असे एका मेकॅनिकने विचारले. त्यास समज देण्यात आली आहे.

जिल्हा वृत्तपत्रात आपले छायाचित्र आले आहे. त्यात आपण बसलेले असल्याने पाय दिसत नाहीत, हे सोयीचेच झाले.

जाता जाता : चेकोस्लोव्हाकियातून नवे ट्रक येत आहेत. पहिला कोणास द्यावा, याचा विचार एक मेनंतर होईल.

आपला,
वेनियामिन पाव्लोविच श्चुकिन
अध्यक्ष


कुर्गान, ५ एप्रिल १९८४

ताई,

सोबत आमच्या युनियनच्या अध्यक्षांच्या पत्राची नक्कल पाठवतोय. वाच आणि पोट धरून हस. मी हसता हसता खाटेवरून पडणार होतो, मचाण अडकलं म्हणून वाचलो.

नुरालीकाकांना वाचून दाखवलं. ते नाही हसले. म्हणाले, "आमच्याकडे अध्यक्षाने कापसाचा असाच संकल्प केला होता. शेवटी लोकांनी गाद्या उसवून कापूस भरला. तू काय उसवशील?"

तीन दिवस हसलो. चौथ्या दिवशी मनात तो नवा ट्रक आला. ताई, तू तसला ट्रक पाहिला नाहीस. इंजिन बंद असलं तरी केबिन गरम राहते म्हणतात. आमच्या जुन्या गाडीत मी पावाचा तुकडा काखेत धरून मऊ करायचो. आणि हे बघ, पाना माझ्याच हातात, नट माझ्याच मांडीला, आणि दिवसभर काम काय, तर छताकडे बघणं. बाईंच्या देखत ठरल्याइतका फिरवतो. उरलेली पाळी संडासात भरतो. आगारात सगळे जादा पाळी करतात, मग हाडानेच काय घोडं मारलंय?

दुखतं, पण कामाचं दुखणं आहे. पायाची बोटं मधूनमधून झोपतात, मुंग्या येतात, एवढंच. काकांनी एकदा मला संडासातून पाना घेऊन येताना पाहिलं. म्हणाले, "पोरा, देठाला धरून ओढलं म्हणून कलिंगड मोठं होत नाही." मी म्हटलं, "काका, कलिंगड तुमचं. ट्रक माझा."

अळंब्या बाईंना दिल्या. झाकण फक्त वास घेण्यापुरतं उघडलं होतं.

तिमोफेय


झारेच्ये, १२ एप्रिल १९८४

तिमोशा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ते वृत्तपत्रही आलं, कसं कोण जाणे. आमच्या सामूहिक शेतीच्या अध्यक्षांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. म्हणाले, ओबुखोव आधी आपल्या गावचा आणि मग त्या आगाराचा. त्यांनी सात म्हटलं असेल तर आपण मागे राहायचं का? झारेच्येकडून आणखी एक. आता तुझे आठ सेंटिमीटर झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे बघत होते म्हणून मीही वाजवल्या. घरी येऊन हात धुतले.

आता नीट ऐक. बोटं झोपत नसतात, तिमोशा. झोपायला ती काय तुझ्यासारखी रात्रपाळी करतात? गोठ्यात एक वासरू आडवं आलं होतं. दोरी बांधून घाईने ओढलं त्याला. वासरू आलं, पण मागचा पाय आयुष्यभर लोंबत राहिला. ओढणाऱ्याने तेव्हा 'जोर लावा, जोर लावा'च म्हटलं होतं.

उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंना सांग. तू सांगणार नाहीस, मला माहीत आहे. म्हणून मी आधीच तार करतेय.

ग्लाफिरा


कुर्गान, २० एप्रिल १९८४

ताई,

तुझी तार पोचली. परिचारिकेने ती सगळ्या वॉर्डासमोर मोठ्याने वाचली : 'ओबुखोव चोरून फिरवतो पाना काढून घ्या बहीण.' नुरालीकाका इतके हसले की त्यांच्या तारा वाजल्या.

बाई आल्या. मला म्हणाल्या, "पंजा वर उचल."

मी उचलला. निदान मला तसं वाटलं. खाली बघितलं तर पंजा होता तिथेच, ओल्या मोज्यासारखा लोंबलेला.

क्ष-किरणाचा फोटो काढला. बाईंनी तो खिडकीला लावला आणि मला जवळ बोलावलं. "इथे नवं हाड दिसायला हवं होतं. बघ, काय दिसतंय?"

"काही नाही."

"बरोबर. तुझी दोन आठवड्यांची मेहनत म्हणजे हे काही नाही. हाड पावलागणिक मागून येतं. तू पळत सुटलास, ते मागेच राहिलं. नसही ताणलीस."

मी विचारलं आता काय. म्हणाल्या, "मागे फिरव. टोकं जवळ आण, हाड धरू दे, मग पुन्हा सावकाश."

आणि ताई, मी काय विचारलं माहीत आहे? तू ऐकलंस तर शाईने भागणार नाही. मी विचारलं, "एक मेपर्यंत थांबता येईल का?"

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाना माझ्या उशीवर ठेवला. "येईल की. एक मेला तुला फुलं मिळतील. मग फुलं घेऊन आयुष्यभर दारात बस." आणि निघून गेल्या.

पाना तसाच पडून होता. बर्फाच्या रस्त्यावर गाडी मागे घ्यायला मी कधी घाबरलो नाही, पण या नटाला हात लावताना घाम फुटला. दुपारी फिरवला, मागे. आगारालाही तार केली की नट मागे फिरवतोय, सातचं विसरा.

तिमोफेय


आगार कामगार संघटना, २५ एप्रिल १९८४

कॉम्रेड तिमोफेय येगोरोविच,

आपली तार मिळाली. तारेतील 'मागे' हा शब्द टंकलेखनातील चूक असावी, असे गृहीत धरले आहे. संघटनेने केलेला संकल्प मागे जात नसतो. सद्यस्थितीस 'मिळवलेल्या यशाचे दृढीकरण' असे म्हणावे.

सात सेंटिमीटरचे वृत्त प्रदेश समितीकडे रवाना झाले आहे. झारेच्येच्या आठव्या सेंटिमीटरशी आमचा संबंध नाही, तो त्यांनी स्वतः आणावा.

दि. ३० रोजी मी छायाचित्रकारासह मोजणीसाठी येत आहे. दाढी करून ठेवावी.

वे. पा. श्चुकिन


कुर्गान, ३ मे १९८४

ताई,

वेनियामिन पाव्लोविच येऊन गेले. सोबत छायाचित्रकार, लाल पताका आणि शिंप्याकडची फीत. बाई शस्त्रक्रियेत होत्या. त्या मोकळ्या असत्या तर ही मंडळी जिन्यावरूनच परतली असती.

त्यांनी स्वतः फीत लावली. उजव्याशी ताडून वाढ साडेतीन भरली. पुन्हा लावली, पुन्हा साडेतीनच. मग फीत जरा सैल धरून बघितली, ओली करून बघितली. मी म्हटलं, "वेनियामिन पाव्लोविच, लिहा ना साडेतीन. माझंच हाड आहे, मला लाज नाही वाटत."

ते खाटेवर बसले आणि हळूच म्हणाले, "तुझं हाड आहे, तिमोफेय, पण आकडा माझा आहे. वर गेलाय तो. तुझ्या हाडाला मागे येता येतं. माझ्या आकड्याला येत नाही."

खरं सांगू, मला दया आली त्यांची. कपाळावर घाम होता बिचाऱ्याच्या. माझ्या मांडीत निदान तारा तरी आहेत, त्या माणसाला आतून कशाचाच आधार नाही.

मग छायाचित्रकाराला सुचलं. तो म्हणाला, "हिवाळ्यात आगारात काय बूट काढून चालतात? कामाच्या पोशाखात मोजा." झालं. माझ्या डाव्या पायात दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचा बूट चढवला, त्यावर रबरी खोळ, उजवा पाय अनवाणी. सात भरले! वर थोडं उरलंही. अध्यक्षांनी मला मिठी मारली, दाखल्यावर सही केली, शिक्का मारला. पताका माझ्या मचाणाला बांधून फोटो काढला. नुरालीकाका म्हणाले, "दुसरी खोळ चढवली असतीस तर तुझ्या गावाचंही भागलं असतं."

रात्रभर हसू येत होतं. पंजा अजून उचलत नाही. हसता हसताच ते आठवतं.

तिमोफेय


झारेच्ये, १४ मे १९८४

तिमोशा,

हसू नकोस आणि रडूही नकोस. बाई सांगतील तेवढंच कर. आमच्या अध्यक्षांनीही तुझे आठ झाले म्हणून कळवून टाकलं, मोजायला कुणी गेलं नाही. तिकडे निदान बूट तरी लागला.

पंजा हलला की लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ग्लाफिरा


कुर्गान, २ जुलै १९८४

ताई,

हलला.

तिमोफेय


आगार, १८ मार्च १९८५

ताई,

मधल्या पत्रांत तुला कळवत होतोच. पाच सेंटिमीटर भरले, हाड टणक झालं, लोखंड निघालं. निघताना मी बाईंचा हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, "ओबुखोव, माझा पाना परत कर." तो खरंच माझ्या खिशात होता.

आज वैद्यकीय मंडळापुढे गेलो. चालत गेलो, चकतीशिवाय. मंडळाच्या डॉक्टरबाईंनी फीत लावली : दोन्ही पाय सारखे. गुडघा वाकवला, पंजा उचलला. "उत्तम!" म्हणाल्या आणि शिक्का उचलला. तेवढ्यात कारकुनाने त्यांच्यापुढे तो दाखला सरकवला. आखूड होता पाच सेंटिमीटर, वाढला सात. म्हणजे माझा डावा पाय आता उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब आहे. सबब वाहन चालवण्यास अपात्र.

मी म्हटलं, "बाई, आत्ताच तर मोजलंत तुम्ही!"

"मोजलं."

"सारखे भरले ना?"

"भरले. पण फितीवर शिक्का नाही, बाळा. दाखल्यावर आहे."

तसाच वेनियामिन पाव्लोविचांकडे गेलो. म्हटलं, बूट घालून मोजलं होतं एवढी एक ओळ लिहून द्या. ते घाबरून दार लावायला उठले. मग त्यांना एकदम सुचलं आणि चेहरा उजळला. म्हणाले, "तुझा उजवा पाय मागे पडलाय! पिछाडीच्याला आघाडीच्या बरोबरीला आणणं हे तर आपलं धोरणच आहे. उजव्याला दोन सेंटिमीटर, सात नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाच्या आत. संकल्प मी मांडतो, कुर्गानची शिफारसही मीच देतो."

"आणि मग उजवा खरोखरच लांब झाला तर?"

"तर डावा आहेच की!"

ताई, ते चेष्टा करत नव्हते. माझ्या दोन्ही पायांवर पुढच्या पंचवार्षिक योजनेपर्यंतचं काम त्यांना दिसत होतं.

परवा सभा आहे. हात वर झाले की संपलं. पहिला नवा ट्रक त्यांच्या मेहुण्याला मिळालाय. तो ट्रकही आगाराच्या दाराशी उभाच आहे. मेहुण्याला क्लच सापडत नाही.

काय करू?

तिमोफेय


झारेच्ये, २७ मार्च १९८५

तिमोशा,

तू विचारलंस, काय करू. हे पत्र पोचेपर्यंत तू करून मोकळा झाला असशील, मी ओळखते तुला. आयुष्यभर तुला म्हणत आले, एका जागी टिक. आता म्हणत नाही.

पाय बरे झालेत ना? मग चालायला लाग.

ग्लाफिरा


लेना नदीकाठ, ८ डिसेंबर १९८५

ताई,

सभेच्या दिवशी सकाळीच राजीनामा टाकला. मी पळालो की संघटनेने मला गौरवाने निरोप दिला, यावर तिथे अजून वाद चालू आहे म्हणे.

उन्हाळाभर इथे धक्क्यावर गोणी उचलल्या. मग नदी गोठली आणि गेल्या आठवड्यात तिच्यावरचा बर्फाचा रस्ता सुरू झाला. वरच्या वस्त्यांना पीठ, कांदे, रॉकेल पोचवायचं असतं आणि ड्रायव्हर कमी. गॅरेजचा प्रमुख इथल्याच याकूत जमातीचा एक म्हातारा आहे, फार कमी बोलतो. मी दाखल्यांचा गठ्ठा पुढे केला. त्याने तो न उघडताच मेजावर ठेवला.

"गाडी येते?"

"येते."

"ती बघ. क्लच जड आहे. वस्तीवर पीठ संपत आलंय."

एवढंच. इथे मी कुणाला पायाचं सांगितलं नाही. विचारलंही नाही कुणी. मीच एकदा न राहवून विचारलं, "कागद तपासायचे नाहीत का?" तो म्हणाला, "बर्फ तपासेल."

गाडी जुनी आहे. केबिनला फट आहे, पाव पुन्हा काखेत. काठ चढून नदीवरून वर यायला एक वाईट चढाव आहे, तिथे खालच्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. डावा पाय थरथरायला लागला. वाटलं, आता सुटतो. मागे पाच टन पीठ, खाली नदी. आणि ताई, मी घाई केली नाही. सावकाश सोडला, नट फिरवल्यासारखा थोडा थोडा. गाडी चढली.

वस्तीवर बायका रांग धरून उभ्याच होत्या. गोणी उतरवल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीने गरम माशाचं सूप दिलं आणि खरडपट्टी काढली की पीठ परवा यायला हवं होतं.

सूप पिऊन बाकावर पाय पसरले. दोन्ही दुखत होते. मी बराच वेळ निरखून बघत बसलो, कोणता जास्त दुखतोय.

अगदी सारखे, ताई.

तिमोफेय